जात्यावर जप्ती : नॉर्मन सरंजामशाहीचा जमाखर्च

इ. स. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले, हे वाक्य आमची पोरे शाळेत घोकीत आली आहेत. लढाई कोणत्या टेकडीवर झाली, घोडेस्वार किती, तिरंदाज किती, राजाच्या डोळ्यात बाण घुसला की नाही, ह्याची चर्चा पंडितांनी पोटभर केली आहे. परंतु लढाई झाल्यावर त्या देशातल्या नांगऱ्याचे काय झाले, कोष्ट्याच्या कापडाचे काय झाले, घरच्या बाईच्या जात्याचे काय झाले, असे विचारले की हेच पंडित मुकाट्याने पान उलटतात. लढाई एक दिवस चालली. तिचा खर्च मात्र कष्टकऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांनी भरला. वाचकहो, तो जमाखर्च आज आम्ही तुमच्यापुढे मांडणार आहो. राजांच्या वंशावळी पाठ करण्याची आम्हांस गोडी नाही. कोणी पेरले आणि कोणी खाल्ले, एवढाच आमचा सवाल आहे.

प्रथम हे नॉर्मन कोण ते पाहू. उत्तरेकडच्या थंड मुलखातून गलबते घेऊन यावे, नदीकाठची गावे व मठ लुटावे आणि पळावे, असा ह्यांच्या पूर्वजांचा धंदा. फ्रान्सच्या चार्ल्स राजाला त्यांचा बंदोबस्त होईना, तेव्हा इ. स. ९११ च्या सुमारास त्याने त्यांच्या रोलो नावाच्या म्होरक्याला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख तोडून दिला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या म्हणजे चोरी थांबते, असा हा राजनीतीचा धडा! पुढे दीडशे वर्षांत ह्या लुटारूंच्या वंशजांनी फ्रेंच भाषा उचलली, ख्रिस्ती धर्म घेतला, मठांना देणग्या दिल्या, आणि ते कुलीन झाले. लूट जुनी झाली की तिला कुळी मिळते, आणि कुळीची पोथी लिहावयाला शास्त्री मिळतात.

इंग्लंडचा एडवर्ड राजा १०६६ च्या जानेवारीत निपुत्रिक वारला. तेथील सरदारांनी हॅरॉल्डला गादीवर बसविले. विल्यम म्हणाला, गादीचे वचन मला दिले होते. रयतेची संमती? ती विचारतो कोण! त्याने रोमला पोपकडे वकील धाडला, आणि पोपने आशीर्वादाचा झेंडा दिला, असे विल्यमचाच स्तुतिपाठक लिहून ठेवतो. परमुलखावर धाड घालावयाची, परंतु हाती झेंडा मात्र देवाचा! हॅरॉल्ड २५ सप्टेंबरास उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिज येथे नॉर्वेच्या राजाशी लढून दमला होता. तोच विल्यम दक्षिण किनाऱ्यावर उतरला, आणि १४ ऑक्टोबरास हेस्टिंग्जजवळच्या लढाईत हॅरॉल्ड पडला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी लंडनशेजारी वेस्टमिन्स्टरच्या देवळात विल्यमला राज्याभिषेक झाला. आत जयघोष झाला तो बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना दंगा वाटला, आणि त्यांनी आजूबाजूच्या घरांना आगी लावल्या. नव्या राजाचा पहिला प्रसाद रयतेला मिळाला तो हा.

आता लुटीची वाटणी पाहा. विल्यमने ठरविले की, इंग्लंडातील सारी जमीन माझी. का? तर माझी तलवार लांब. मग ती जमीन त्याने आपल्या सोबत्यांना जहागिरीदाखल दिली. अट एकच, हाक मारताच इतके घोडेस्वार आणावे. बड्या जहागीरदाराने तिचे तुकडे करून आपल्या हाताखालच्या स्वारांना दिले. वरून खाली अशी शिडी लागली. प्रत्येक पायरीवरचा मनुष्य वरच्यापुढे गुडघे टेकून इमानाची शपथ घेई व खालच्याकडून तशीच शपथ घेववी. पंडित ह्या शिडीची फार तारीफ करितात. कसे बाई परस्परांचे हक्क, कशी कर्तव्ये! परंतु शिडी ज्या जमिनीवर टेकली होती ती नांगरणारा ह्या शिडीवर कोठेच नव्हता. तो शिडीखाली होता, आणि साऱ्यांचा भार त्याच्या पाठीवर होता.

वीस वर्षांत काय झाले ते आकड्यांनी बोलू. १०८६ साली मोजदाद झाली तेव्हा अदमासे दोनशे बड्या जहागीरदारांच्या हाती देशातील निम्मी जमीन होती. चौथाई धर्मपीठांकडे होती. पाचव्या हिश्श्याच्या जवळपास खुद्द राजाकडे होती. बड्या जहागीरदारांत जुन्या इंग्रज घराण्यातले पुरुष उरले अवघे दोन: आर्डनचा थर्किल आणि लिंकनचा कोल्स्वाइन. धर्मपीठांची तीच गत. विल्यमच्या अखेरीस इंग्रज बिशप राहिला होता एकटा, वुस्टरचा वुल्फस्टन. शहरोशहरी किल्ले उठले, ते रयतेच्या वेठीने आणि रयतेच्या घरांवर. लिंकन शहरात किल्ल्यापायी १६६ घरे पाडली गेली, नॉरिच शहरात ९८ घरांची जागा किल्ल्याने गिळली. हे आम्ही पदरचे सांगत नाही; राजाच्याच दप्तरात लिहिले आहे.

उत्तरेकडच्या लोकांनी हा अंमल सोसला नाही. त्यांनी बंड केले. १०६९-७० च्या हिवाळ्यात विल्यमने त्यांचा सूड घेतला, तो लढवय्यांवर नव्हे, धान्यावर. कणगी जाळल्या, गुरे मारली, आउते आगीत टाकली. बियाणे राहिले नाही, बैल राहिले नाहीत, आणि मग दुष्काळाने आपले काम केले. ऑर्डरिक व्हिटॅलिस नावाचा साधू पुढे लिहितो की, एक लाखावर माणसे भुकेने मेली. आजचे अभ्यासक हा आकडा मोजून काढलेला मानीत नाहीत, आणि आम्हीही मानीत नाही. परंतु हा ऑर्डरिक नॉर्मन मठात राहणारा, नॉर्मन धन्याचे अन्न खाणारा होता. तरीही ह्या कृत्याबद्दल त्याच्याने विल्यमची तरफदारी करवली नाही. सोळा वर्षांनी मोजणीदार यॉर्कशायरात फिरले तेव्हा गावामागून गावाच्या नावापुढे त्यांना एकच शब्द लिहावा लागला: ओसाड.

ह्या मोजणीची हकीकत शेतकरी बंधूंनी नीट ऐकावी. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे राजाने हुकूम काढला, आणि १०८६ साली कारकून गावोगाव फिरले. प्रत्येक गावचा पाद्री, कारभारी आणि सहा कुळे ह्यांना शपथेवर उभे करून विचारले: एडवर्ड राजाच्या वेळी ही जमीन कोणाची होती? आज कोणाची आहे? नांगर किती? कुळे किती, खोपटवाले किती, गुलाम किती? गिरण्या किती, कुरणे किती? आणि शेवटचा सवाल, ज्यात सारे आले: आज जेवढे निघते त्याहून अधिक काढता येईल काय? एक बैल, एक गाय, एक डुक्करसुद्धा नोंदीवाचून सुटले नाही, अशी लाज त्या काळच्या इंग्रज बखरकाराला वाटली. राजाला वाटली नाही. तेरा हजारांवर गावे, सहा हजारांच्या घरात पाणगिरण्या आणि सुमारे २ लाख ६९ हजार माणसे त्या पुस्तकात टिपली गेली. माणसे म्हणजे घरकर्ते; त्यांच्या बायकापोरांना हिशेबात जागा नव्हती. लोकांनी त्या पुस्तकाला नाव दिले 'डूम्सडे', म्हणजे अखेरच्या न्यायाचा दिवस. कारण त्या दिवशीच्या निकालावर जसे अपील नाही, तसे ह्या पुस्तकातल्या ओळीवरही नाही. तलवारीने घेतलेले लेखणीने कायम झाले. दरोडा गेला आणि दस्तऐवज राहिला.

आता त्या पुस्तकात ज्याला 'व्हिलेन' म्हटले आहे त्या कुळाची पुढच्या दोनअडीचशे वर्षांतली देणी मोजू. आठवड्यातून दोन-तीन दिवस, कोठे अधिक, धन्याच्या खासगी शेतावर फुकट राबावयाचे. सुगीत आपले पीक उभे टाकून आधी धन्याचे कापावयाचे. मुलीचे लग्न करावयाचे तर धन्याला पैसे भरून परवानगी घ्यावयाची. गाव सोडून जावयाचे नाही. दळण धन्याच्या गिरणीत, भाकर कित्येक ठिकाणी धन्याच्या भट्टीत, आणि दोन्हीकडे हिस्सा द्यावयाचा. दहावी पेंढी देवाच्या नावाने पाद्र्याची. बरे, मेल्यावर तरी सुटका? घरधनी मेला की दावणीचे सर्वांत चांगले जनावर धन्याचे, आणि पुष्कळ ठिकाणी त्याच्या खालोखालचे चांगले जनावर पाद्र्याचे! घरात मढे आणि गोठ्यात वसुली! तक्रार करावी तर कोठे? जमिनीबद्दल धन्याविरुद्ध कुळाने राजाच्या न्यायसभेत जावयाचे नाही, असा कायदा. धन्याच्या अन्यायाचा न्याय धन्याच्याच कचेरीत. आणि ह्या साऱ्यावर कळस पाहा: 'व्हिलेन' म्हणजे वाडीवरचा नांगऱ्या. त्याच शब्दाचा वरच्या लोकांनी इतका विटाळ केला की आज सिनेमातल्या बदमाशाला आपण 'व्हिलन' म्हणतो. लुटणारा झाला 'नोबल', आणि लुटला गेला तो झाला व्हिलन. शब्दकोश कोणाच्या हाती असतो ते ह्यावरून ओळखावे.

ह्यावर सरंजामशाहीचे वकील उठून म्हणतात, “अहो, सरदार रक्षण करीत होता, म्हणून कूळ सेवा करीत होते. हा सौदाच होता.” सौदा म्हटला म्हणजे दोघांची राजीखुशी लागते, आणि न पटल्यास उठून जाण्याची मोकळीक लागते. येथे बापाने न केलेला सौदा पोराच्या गळ्यात जन्मतःच अडकविलेला! आणि रक्षण कोणापासून? दुसऱ्या सरदारापासून. म्हणजे दरोडेखोर म्हणतो, दुसरा दरोडेखोर येईल म्हणून मला हप्ता दे. ह्या रक्षणाची परीक्षाही एकदा झाली. ११३५ पासून ११५४ पर्यंत स्टीफन राजाचे राज्य ढिले पडले. तेव्हा ह्या रक्षणकर्त्यांनी काय केले? पीटरबरोच्या मठातला बखरकार सांगतो, जो तो आपला किल्ला बांधू लागला. त्यासाठी गरिबांना वेठीला धरले. ज्यांच्याजवळ चार पैसे असल्याचा संशय त्यांना धरून तळघरात कोंडले, टांगले, धूर दिला. गावांवर खंडणी बसविली आणि ती संपली की गावे जाळली. कुंपणच शेत खाऊ लागले! जो राखणदार वरचा धनी ढिला पडताच चोर होतो, तो राखणदार कधीच नव्हता.

कायद्याचा पक्षपात पाहावयाचा असेल तर खुनाचा दंड पाहा. कोठे प्रेत सापडले आणि खुनी हाती लागला नाही, तर मेलेला मनुष्य नॉर्मन आहे असे धरावयाचे, आणि साऱ्या तालुक्याने दंड भरावयाचा. दंड चुकवावयाचा तर मेलेला इंग्रज होता हे नातेवाइकांनी येऊन शाबीत करावयाचे. इंग्रज शाबीत झाला की दंड माफ! मरणातसुद्धा माणसाची किंमत जन्मावरून. राज्यकर्ते व रयत ह्यांची लग्ने होऊन शंभर वर्षांत ओळखू येईनासे झाले की नॉर्मन कोण आणि इंग्रज कोण, तरी हा दंड चालूच राहिला, कारण त्यात पैसा होता. तो रद्द झाला १३४० साली. रानाचेही तेच. १०७९ च्या सुमारास राजाने शिकारीसाठी न्यू फॉरेस्ट राखून घेतले. हरणाने पीक खाल्ले तर शेतकऱ्याने बघत राहावयाचे; हरीण मारले तर हातपाय किंवा डोळे गमवावयाचे. रानाजवळ राहणाऱ्याच्या कुत्र्याच्या पुढच्या पायाची नखे तोडावयाची, की त्याने राजाच्या सावजामागे धावू नये. हरणासाठी माणसाचा जीव वा अवयव घेऊ नये, एवढे कबूल करावयाला १२१७ ची सनद यावी लागली. कायद्याची भाषा फ्रेंच, धर्माची लॅटिन; इंग्रजी बोलणारा आपल्याच खटल्यात बहिरा. १३६२ साली कायद्याने वादविवाद इंग्रजीत करावयाला सांगितले, तरी न्यायसभांचे कागद परभाषेतून पुरते सुटले १७३३ साली. परभाषेचा पडदा इतका टिकतो, कारण पडद्यामागे बसणाराचे पोट त्यावर असते.

आता आमच्या कारागीर बंधूंसाठी आणि विशेषतः घरोघर दळणाऱ्या बायांसाठी एक हकीकत सांगतो. लंडनच्या उत्तरेस सेंट ऑल्बन्स नावाचे गाव आहे. तेथील मोठा मठ हाच गावाचा जहागीरदार. मठाचा हुकूम असा की, धान्य दळावयाचे तर मठाच्या गिरणीत, आणि विणलेले कापड तुडवून घट्ट करावयाचे तेही मठाच्याच गिरणीत. लोक घरी कापड तुडवीत, घरी जात्यावर दळीत. मठाने त्यांच्यावर खटले भरले. १२७४ साली गावच्या बायांनी इंग्लंडची राणी एलिनॉर तेथे आली असता तिच्यापुढे गाऱ्हाणे घातले. उपयोग झाला नाही. पुढे १३३० च्या सुमारास रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड हा मठाधिपती होता. मोठा विद्वान, ग्रहगणिती. त्याने रचलेले घड्याळ त्या काळचे नवल समजले जाई. ह्या विद्वानाने गावातली घरोघरची जाती जप्त केली, आणि ती जाती मठात नेऊन आपल्या बैठकीच्या जागेत फरशी म्हणून बसविली!

बायांनो, विचार करा. ज्या दगडावर आजीने दळले, सासूने दळले, त्या दगडावर मठाधिपतीचे जोडे. येणाराजाणाराने पाहावे की ह्या गावची भाकर कोणाच्या पायाखाली आहे. विद्या असली म्हणजे दया असतेच असे नाही. ग्रहांची गती मोजणाऱ्या त्या डोळ्यांना शेजारच्या चुलीवरची रिकामी परात दिसली नाही.

ती फरशी पन्नास वर्षे तशीच राहिली, आणि गाव ती विसरले नाही. १३८१ च्या जून महिन्यात, डोईपट्टीच्या जाचाने, इंग्लंडातली कुळे उठली. वॉट टायलर व जॉन बॉल ह्यांच्यामागे हजारो लोक लंडनात शिरले. दास्य देवाने निर्माण केलेले नाही, दुष्ट माणसांनी केलेले आहे, असे बॉल उघड सांगत असे. ठिकठिकाणी लोकांनी वाड्यांत व मठांत शिरून वेठीची दप्तरे काढली व जाळली. सेंट ऑल्बन्सचे लोक विल्यम ग्रिंडकॉब ह्याच्या पुढारीपणाखाली मठात गेले. त्यांनी फरशी उखडली, जात्यांचे दगड फोडले आणि त्यांचे तुकडे देवळातल्या प्रसादाच्या भाकरीप्रमाणे आपसात वाटून घरोघर नेले. हे त्याच मठातला बखरकार लिहितो, आणि रागाने लिहितो. आम्ही म्हणतो, प्रसाद म्हणावा तर हाच!

पुढे काय झाले? चौदा वर्षांच्या रिचर्ड राजाने १४ जूनला कुळांना मुक्तीच्या सनदा दिल्या, १५ जूनला वॉट टायलर बोलणी चालू असताना मारला गेला, आणि २ जुलैला सनदा रद्द झाल्या. जॉन बॉलला त्याच सेंट ऑल्बन्स गावात ठार केले. ग्रिंडकॉबला कैदेतून जामिनावर सोडले होते, ते गावकऱ्यांची समजूत घालून मठाचे कागद परत करविण्यासाठी. त्याने उलट गावकऱ्यांना सांगितले की, माझ्या जिवासाठी माघार घेऊ नका. तोही फासावर गेला. राजाचा शब्द तीन आठवडेही टिकला नाही. रयतेच्या माणसाचा शब्द फासापर्यंत टिकला. दोहोंपैकी कुलीन कोण, ते वाचकांनीच ठरवावे.

बंडाच्या चार वर्षे आधीची एक गोष्ट मात्र पंडितांच्या पुस्तकांत क्वचितच येते, आणि आमच्या मते तीच सर्वांत शिकण्याजोगी आहे. १३७७ साली दक्षिण इंग्लंडातील चाळीसएक गावांच्या कुळांनी वर्गणी गोळा केली, वकील केले, आणि राजाच्या दप्तरातून डूम्सडे पुस्तकातले आपल्या गावाचे उतारे मागविले. त्यांचे म्हणणे असे: आमचे गाव जुन्या काळी राजाच्या खासगीतले होते, तसे असेल तर हा धनी मागतो ती जादा वेठ आमच्यावर लागू नाही. विजेत्याने रयतेला बांधण्यासाठी जे पुस्तक केले, तेच रयतेने तीनशे वर्षांनी सोडवणुकीसाठी उघडावयाला लावले! पार्लमेंटातले जमीनदार घाबरले. कुळे एकजूट करून काम नाकारतात, अशी ओरड त्यांनी केली, आणि उताऱ्यांचा अर्थ कुळांच्या विरुद्ध लावला गेला. निकाल लागला नाही, पण वाट कळली. अडाणी म्हणवणाऱ्या माणसांनी ओळखले होते की, आपली मान ज्या कागदात अडकली आहे तो कागद आपणच वाचला पाहिजे.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट सांगतो, नाहीतर आमच्या लेखाचा कोणी भलताच अर्थ करील. नॉर्मन येण्यापूर्वी इंग्लंडात रामराज्य नव्हते. डूम्सडेतच सुमारे २८ हजार गुलाम नोंदले आहेत, म्हणजे दहात एक. आणि ही गुलामी इंग्रज सरदारांच्या वेळेपासूनची. ब्रिस्टल बंदरातून माणसे विकण्यासाठी आयर्लंडला नेत, ती इंग्रज व्यापारीच नेत. त्याविरुद्ध वुल्फस्टन बिशपाने जन्मभर उपदेश केला. ११०२ साली धर्मसभेने माणसांची विक्री निषिद्ध ठरविली, आणि पुढे पन्नासएक वर्षांत ही जुनी गुलामी मावळली. पण गुलाम गेला आणि बांधलेले कूळ आले. साखळी बदलली, मान तीच! जाती जप्त करणारा रिचर्ड हा इंग्लंडातल्या एका लोहाराचा मुलगा होता. लोहाराचा मुलगा गादीवर बसला आणि गादीसारखा वागला. म्हणून आम्ही रक्ताशी भांडत नाही. वाईट आहे ती गादी, वाईट आहे तो हक्क, जो म्हणतो की मी जन्मलो एवढ्यावर तू मला पोसावे. गादीवरचा मनुष्य आपल्यातला आला म्हणून नाचणारांनी हा लोहाराचा मुलगा ध्यानात ठेवावा.

इंग्लंडातल्या विचारी माणसांनीही हीच गोष्ट हळूहळू ओळखली. १६४९ च्या जानेवारीत तेथील लोकांनी राजाचे डोके उडविले. त्याच वर्षी एप्रिलात जेरार्ड विन्स्टन्ली नावाचा, कापडाच्या धंद्यात बुडालेला मनुष्य आपल्या गरीब सोबत्यांसह सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस टेकडीवर गेला आणि पडीक गायरान खणू लागला. त्याचे म्हणणे, विल्यमच्या तलवारीने आलेला राजाचा हक्क गेला, तर त्याच तलवारीने आलेला जमीनदाराचा हक्क कसा राहतो? उत्तर द्यावयाऐवजी जमीनदारांनी गुंड पाठवून त्यांची खोपटी मोडली. पुढे १७७६ साली टॉमस पेनने विल्यमच्या राजेपणाचे मूळ निव्वळ दरोड्यात आहे, असे अमेरिकेत छापून दाखविले. ह्याच पेनचे मनुष्याच्या हक्कांवरील पुस्तक १८४७ च्या सुमारास पुण्यात एका तरुणाच्या हाती पडले. तो तरुण म्हणजे जोतीराव फुले. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि जिंकणाराने रचलेल्या पोथ्या जिंकलेल्याने तपासून पाहाव्या, ही दृष्टी मराठी शेतकऱ्याला दिली. हेस्टिंग्जच्या टेकडीचा आणि आमचा संबंध काय, असे विचारणारास हे उत्तर पुरे आहे.

सरंजामशाही संपली कशी? कोणा धन्याला दया आली म्हणून नव्हे. १३४८-४९ च्या महामारीत माणसे मेली, मजूर महागला. १३५१ साली कायदा केला की जुन्याच मजुरीवर राबावे. मजुरांनी तो पायाखाली घातला. कुळे रात्री गाव सोडून जात, शहरात वर्ष आणि एक दिवस काढून स्वतंत्र होत. वेठीच्या दिवशी कोणी येईना, आले तर हात चालेना. शेवटी धनीच म्हणाला, वेठ नको, पैसे द्या. असे हळूहळू ते जू गळून पडले. तरी शेपूट राहिलेच. वाड्याच्या दप्तरी नोंदीवर चालणारी जुनी जमीनपद्धती इंग्लंडात कायद्याने मिटली १ जानेवारी १९२६ रोजी, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ ८६० वर्षांनी! आणि शेपूट तेवढेच नाही. अलीकडे ग्रेगरी क्लार्क ह्या अर्थशास्त्रज्ञाने ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या जुन्या पटांतील आडनावे तपासली. विल्यमबरोबर आलेल्या घराण्यांची आडनावे तेथे शतकानुशतके लोकसंख्येतल्या प्रमाणाहून अधिक आढळली. लूट संपते, लुटीचा वारसा संपत नाही. गुणावर सारे मिळते असे सांगणारांनी हा पट एकदा वाचावा.

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, ह्या जमाखर्चातून आम्ही तीन गोष्टी काढतो. पहिली: कोणी तुमच्यावर हक्क सांगू लागला, तर तो हक्क आला कोठून आणि त्याच्या बदल्यात तो देतो काय, हे दोन सवाल उंबऱ्यावरच विचारा. उत्तरात नुसते कूळ, नुसती पोथी, नुसते 'पूर्वापार' असेल, तर हिशेब चुकला आहे असे समजा. दुसरी: न वाचलेल्या कागदावर अंगठा नको, सही नको. सातबाऱ्यावर तुमचे नाव नीट लागले आहे काय, तुमच्या बाईचे लागले आहे काय, हे सावकाराच्या किंवा कारकुनाच्या तोंडून न ऐकता स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. आणि त्यासाठी घरातला मुलगा तसाच मुलगीही शाळेतून काढू नका. तिसरी: सेंट ऑल्बन्सच्या लोकांसारखी लांब आठवण ठेवा. त्यांना कोणी इतिहास शिकविला नव्हता, पण पन्नास वर्षांमागे कोणाच्या घरातून कोणते जाते गेले हे त्यांना ठाऊक होते. आमचा इतिहास दुसरे लिहितात अशी तक्रार फार झाली. आपल्या घरातले म्हातारेकोतारे बसले आहेत तोवर त्यांना विचारा: आपली जमीन केव्हा गेली, कशी गेली, कोणत्या कागदाने गेली. विचारा आणि वहीत लिहून ठेवा.